सही करून ठेवलेले चेक

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालेली लोकल पहिली थांबते ती विठ्ठलवाडीला. एका अंगाला कल्याण पूर्वेची दाटी, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, जवळून वाहणारी वालधुनी. मोकळं मैदान इथं सहजी सापडत नाही. जे सापडतं, तिथं पहाटे साडेपाचला शिट्टी वाजते. शिट्टी वाजवणारा माणूस सात वाजता घरी पळतो, दोन तांबे अंगावर घेतो आणि गाडीला लटकून कामावर जातो. संध्याकाळी पुन्हा मैदानात हजर. कुणी शाळेत तासिकेवर खेळ शिकवतो, कुणी कुरियर वाटतो, कुणाची रिक्षा आहे. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 पासून दिला जातो, पण तो यांच्या स्वप्नातही येत नाही. हाताखालचा एखादा पोरगा जिल्ह्याच्या संघात निवडला गेला, दहावीला त्याच्या टक्क्यांत खेळाचे वाढीव गुण पडले, की यांचं वर्ष सार्थकी लागलं.

अशा प्रशिक्षकांनी मिळून एक मंडळ काढलं. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, म्हणून सुरुवातीला बरोब्बर सातच होते. 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशा दोन्हींखाली नोंदणी झाली. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून आणलेल्या प्रमाणपत्राला फ्रेम करून ते भिंतीवर टांगलं. पुढे सातांचे अडतीस झाले. प्रमाणपत्रामागे कोणत्या जबाबदाऱ्या येतात, याची आठवण मात्र फ्रेमच्या काचेवरच्या धुळीबरोबर अंधूक होत गेली.

खजिनदार होते अण्णा. जुने कबड्डीपटू, पंच परीक्षा उत्तीर्ण, एका बंद पडलेल्या कारखान्यातून निवृत्त. मंडळाचे पैसे त्यांच्याकडे, म्हणजे एका कापडी पिशवीत आणि एका डायरीत. बँकेत खातं होतं. चेकवर खजिनदार आणि अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या लागत. पण अध्यक्षांना नोकरीतून सवड नसे. म्हणून ते दर दिवाळीला आख्ख्या चेकबुकवर सह्या ठोकून ते अण्णांच्या हवाली करत. "अण्णा आहेत म्हटल्यावर मी कशाला बघू?" असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत आणि चारचौघं माना डोलावत.

2020 च्या लॉकडाऊननं या मंडळाला हलवून सोडलं. मैदानं बंद झाली, शिबिरांची फी थांबली, शाळांनी तासिकेवरच्या सरांना घरी बसवलं. कबड्डीच्या एका सरांनी भाजीची गाडी लावली. टाळेबंदी उठल्यावर सगळ्यांनी ठरवलं की दरमहा प्रत्येकानं 100 रुपये टाकायचे आणि एक मदतनिधी उभा करायचा. पुन्हा असा प्रसंग आला, कुणी आजारी पडलं, तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको. कल्पना सोन्यासारखी होती. फक्त हे पैसेही त्याच खात्यात, त्याच पिशवीत आणि त्याच डायरीत जाऊ लागले.

मंडळाची वार्षिक सभा 15 जुलैला असे. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा तो जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांच्या फोटोला हार, दोन भाषणं, मग अण्णा उभे राहून म्हणत, "गेल्या वर्षीचा हिशेब ठीक आहे, शिल्लक आहे." टाळ्या. हिशेब मंजूर. मग वडापाव आणि चहा.

एका वर्षी टाळ्या वाजायच्या आधीच एक हात वर झाला. हात होता खो-खोच्या मॅडमचा. त्या मंडळात नवीन होत्या. दिवसा एका सीएच्या ऑफिसात नोकरी करायच्या आणि संध्याकाळी मुलींना पोल डाइव्ह शिकवायच्या.

"अण्णा, शिल्लक म्हणजे किती? त्यातला मदतनिधी किती आणि शिबिराचे पैसे किती?"

सभेत एकदम शांतता पसरली. अण्णांनी डायरी उघडली, मिटली आणि म्हणाले, "सगळं एकत्रच आहे, पोरी. पण आहे."

"वर्षाचं ऑडिट झालंय का? मार्चअखेरपासून सहा महिन्यांत अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला लागतो, म्हणून विचारते."

आता अध्यक्ष उठले. चेहरा लाल. "मॅडम, इथं सगळे घरचे आहेत. अण्णांना हिशेब विचारायचा म्हणजे देवळात जाऊन देवाकडे पावती मागायची. अहो, आचरेकर सरांनी शिवाजी पार्कवर कधी पावत्या फाडल्या? यष्टीवर रुपया ठेवायचे आणि त्यातून सचिन घडवला!"

लोक हसले. टाळ्याही पडल्या. मॅडम बसल्या नाहीत.

"सर, त्या रुपयाइतका चोख हिशेब कुणाचाच नसेल. तो रुपया कुणाचा, कशासाठी ठेवलाय, सचिनला बाद केलं तर कुणाचा होणार आणि कुणालाच जमलं नाही तर कुणाचा होणार, हे नेटवरच्या प्रत्येक पोराला आधीच ठाऊक असायचं. आणि शेवटी तो कुणाला मिळाला, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरायचं. सचिननं जपून ठेवलेली तेरा नाणी म्हणजे पावत्याच आहेत की."

कुणी हसलं नाही. पण कुणी साथही दिली नाही. मागून एक आवाज आला, "चार दिवस झाले नाहीत येऊन." मॅडम खाली बसल्या. हिशेब टाळ्यांनी मंजूर झाला.

सभेनंतर महिनाभरात उल्हासनगरच्या एका जीन्स कारखानदारानं अण्णांना बोलावलं. त्याचा मुलगा मंडळाच्या शिबिरात घडला होता. त्याला 25,000 रुपयांची देणगी द्यायची होती. त्यानं मंडळाचा पॅन नंबर, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणि आयकरात सवलत मिळेल अशी 80 जी ची पावती मागितली. अण्णांकडे यातलं काहीच नव्हतं. "रोख द्या ना शेठ," ते म्हणाले. शेठनं हात जोडले. रोखीच्या देणगीला दोन हजारांपलीकडे ही सवलत मिळत नाही, आणि मंडळाची 80 जी ची नोंदणी नसल्यानं चेकनं दिले असते तरी ती मिळाली नसती. देणगी दुसऱ्या संस्थेकडे गेली. अण्णांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांना ती किरकोळ वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिराच्या ऐन मध्यावर, भाजीची गाडी लावलेल्या त्याच कबड्डीच्या सरांना पूना लिंक रोडवर एका टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. रात्री अकरा वाजता हॉस्पिटलनं आगाऊ रक्कम मागितली. अण्णा पिशवी घेऊन धावले. पिशवीतले पैसे आणि सकाळी, सही करून ठेवलेल्या चेकवर काढलेले पैसे मिळून 60,000 रुपये त्यांनी काउंटरवर भरले. पावती रुग्णाच्या नावानं झाली आणि रुग्णाच्या फायलीत गेली. ऑपरेशन नीट पार पडलं. त्या रात्री अण्णा होते म्हणून एका माणसाचा पाय वाचला, यात शंका नाही.

दोन आठवड्यांनी टी-शर्ट शिवणाऱ्याला दिलेला मंडळाचा 16,800 रुपयांचा चेक परत आला. खात्यात पैसे नव्हते.

बातमी मैदानावरून स्टेशनाबाहेरच्या टपरीवर आणि टपरीवरून घराघरांत पोहोचायला एक संध्याकाळ पुरली. त्याच उन्हाळ्यात अण्णांनी घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला होता. एवढं पुरेसं होतं. पासबुकाच्या झेरॉक्स निघाल्या. तीन वर्षांत 'सेल्फ' लिहून काढलेल्या 1,12,000 रुपयांचा कशाशीच मेळ लागत नव्हता. ज्यांनी देवाकडे पावती मागायची नसते असं म्हटलं होतं, तेच आता "आम्हाला आधीपासून संशय होता" असं सांगू लागले. अध्यक्ष म्हणाले, "मी सह्या करत होतो खरा, पण विश्वासानं." एकानं पोलिसांत जायची भाषा केली. ज्याचा पाय वाचला होता, तो पलंगावर पडून फोनवर सगळ्यांना समजावत होता. पण त्याला पैसे मिळाले होते म्हणून त्याचं ऐकायचं नाही, असं ठरून गेलं.

अण्णांनी डायरी पुढे केली. तिच्यात होतं: 'बस', 'पोरं – खाऊ', 'फक्की', 'दिवा', 'गुरुजी – पुढच्या महिन्यात'. रकमा कुठं होत्या, कुठं नव्हत्या. तारखा अण्णांच्या डोक्यात होत्या. आयुष्यभर कुणाच्या एका रुपयाला न शिवलेला हा माणूस, आपण चोर नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे एक कागद नव्हता.

रविवारी मॅडम त्यांच्या घरी गेल्या. काकूंनी चहा ठेवला. अण्णा भिंतीकडे बघत बसले होते.

"तूच पहिल्यांदा विचारलंस ना," ते म्हणाले. "आता खूश असशील."

"अण्णा, तेव्हा विचारलं ते आज कुणी विचारू नये म्हणून." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही एवढ्या सामन्यांना सरपंच होतात. गुणपत्रकावर सही न करता कधी मैदान सोडलंत?"

"कसं सोडीन? गुणलेखक पत्रक पुरं करतो, पंच सही करतात, सरपंच सही करतो. मगच सामना संपतो."

"म्हणजे संघांचा तुमच्यावर विश्वास नव्हता?"

"नव्हता कसा? होता म्हणून तर मला बोलवायचे. पण उद्या हरलेल्या संघानं ओरड केली, तर पंचानं कशाच्या जोरावर..."

अण्णांचं वाक्य तिथंच थांबलं. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्याही दारातच थांबल्या. मग अण्णा उठले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

पुढचे कित्येक रविवार त्या ट्रंकेवर गेले. मॅडम, मल्लखांबाचे म्हातारे गुरुजी आणि कुबड्या घेऊन आलेले कबड्डीचे सर असे तिघं अण्णांबरोबर बसले. दुकानदारांकडच्या बिलांच्या कार्बन प्रती मागितल्या. बसवाल्याच्या वहीतली पानं मोबाइलवर टिपली. जिल्हा निवडीला गेलेल्या पोरांना विचारून तारखा जुळवल्या. हॉस्पिटलची पावती सरांच्या फायलीतून बाहेर आली. शेवटी मेळ लागला: हॉस्पिटलचे 60,000; निवड चाचण्यांची बस आणि प्रवेशशुल्क 38,500; पावसात खचलेल्या मैदानाची भर आणि दिवे 13,500. बरोब्बर 1,12,000. अण्णांच्या खिशात मंडळाचा एक पैसा गेला नव्हता. स्लॅब पतपेढीच्या कर्जावर पडला होता, त्याचे कागदही ट्रंकेतच होते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती एका सज्जनाच्या निर्दोष सुटकेची गोष्ट झाली असती. पण कागद एकदा बोलायला लागले की आपल्या सोयीपुरते बोलून थांबत नाहीत.

मॅडमनी शिबिराचा खर्च वेगळा काढला. शिबिरात 120 मुलं, फी प्रत्येकी 300. टी-शर्टचे 140 आणि वीस दिवसांच्या केळं-लाडवाचे 200, इथंच मुलामागे 340 झाले. फक्की, प्रथमोपचार, प्रमाणपत्रं यांचे 25 धरले तर 365. म्हणजे मुलामागे 65 रुपयांचा तोटा. वर्षाला 7,800, तीन वर्षांत 23,400. हे पैसे आले कुठून?

अण्णा गप्प. उत्तर काकूंनी दिलं. "ह्यांच्या पेन्शनीतून. मला वाटायचं मंडळ परत देत असेल."

कबड्डीच्या सरांचे डोळे भरून आले. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक नव्हतं.

"अण्णा, रागावू नका, पण यात आपलं नुकसान झालंय. तीनशे रुपयांत शिबिर भागतं, असं आम्ही सगळे तीन वर्षं समजत होतो. तुम्ही लिहिलं असतं तर पहिल्याच वर्षी फी वाढवली असती किंवा देणगीदार शोधला असता. तुम्ही खड्डा बुजवत राहिलात आणि रस्ता चांगला आहे असं समजून आम्ही चालत राहिलो. तुम्ही नसतात तर चौथ्या वर्षी शिबिरच बंद पडलं असतं, आणि का पडलं हे कुणालाच कळलं नसतं."

दुसरी गोष्ट त्याहून जड होती. बस आणि प्रवेशशुल्काचे 38,500 रुपये बहुतेक मदतनिधीतून गेले होते. पोरं जिल्ह्याला खेळायला जाणार, तर थांबायचं कशाला, असं म्हणून अण्णांनी ते एकट्यानं ठरवलं होतं. आणि डायरीत लिहिलेलं होतं: 'गुरुजी – पुढच्या महिन्यात'.

अण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि गुरुजींकडे बघितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गुरुजींनी निधीतून 8,000 रुपये मागितले होते. निधीत पैसे नाहीत असं वाटून अण्णा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले होते. गुरुजींनी पुन्हा विचारलं नव्हतं. वर्षभर ते एका डोळ्यानं मल्लखांबावरची पोरं सांभाळत होते.

"निधी वेगळा असता, तर तुमचे पैसे तिथं होते, गुरुजी," अण्णा म्हणाले. "माझ्या डोक्यात सगळं एकत्र होतं."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"पोरं खाली पडताना माझं मन कसं आहे, याचा तुमच्या डोळ्याला काय उपयोग?" अण्णा म्हणाले, आणि यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मंडळाची विशेष सभा भरली. मॅडमनी जमाखर्चाचा एक एक आकडा फळ्यावर लिहिला. मेळ पाहिल्यावर मोठ्यांदा बोलणारे खाली बघू लागले. एकानं ठराव मांडला: अण्णांची जाहीर माफी मागावी. अण्णा उभे राहिले.

"माफी मागू नका. मी चोर आहे असं तुम्ही न बघता म्हणालात. पण त्याआधी मी देव आहे असंही न बघताच म्हणत होतात. तेव्हा मला गोड वाटलं, मी थांबवलं नाही. अध्यक्ष, तुम्ही कोरे चेक दिलेत तो विश्वास नव्हता, तुमचं काम तुम्ही माझ्या अंगावर टाकलंत. आणि मी ते घेतलं, ही माझी चूक. आता ठराव करायचाच असेल तर कामाचा करा."

ठराव झाले ते असे. मदतनिधीचं खातं वेगळं. त्यातून कुणाला मदत द्यायची ते तिघांची समिती ठरवेल आणि ते पैसे दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. कोऱ्या चेकवर कुणी सही करायची नाही. प्रत्येक खर्चाला व्हाउचर, प्रत्येक जमेला क्रमांकाची पावती, रात्री अकराला दिलेल्या मदतीलाही दुसऱ्या दिवशी कागद. दर महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक मैदानाच्या फळ्यावर. ऑडिट मार्चनंतर सहा महिन्यांच्या आत. सगळ्यांत लाज वाटायला लावणारी बाब शेवटी आली: कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो मंडळानं कधीच दिला नव्हता. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अजून पहिले सातच विश्वस्त होते आणि त्यातले एक वारले होते.

मग उरला अण्णांच्या 23,400 रुपयांचा प्रश्न. अण्णा म्हणाले, "सोडून द्या." सगळे म्हणाले, "अण्णांचं मन मोठं." मॅडमनी डोकं हलवलं.

"असं सोडता येणार नाही. मंडळ अण्णांचं देणं लागतं, ते ताळेबंदात दिसायला हवं. मंडळ पैसे चेकनं परत करेल. त्यानंतर अण्णांना द्यायचे असतील, तर त्यांनी देणगी द्यावी. त्याची पावती फाडू."

मंडळाकडे पैसे नव्हते म्हणून दोन हप्त्यांत चेक दिले. दोन्ही चेकवर अध्यक्षांनी रक्कम वाचून सही केली. अण्णांनी पहिल्या हप्त्यातून गुरुजींच्या डोळ्यासाठी निधीत 8,000 जमा केले, पावती घेतली आणि बाकीचे काकूंच्या हातात ठेवले. समितीनं आपल्या पहिल्याच बैठकीत गुरुजींचा अर्ज मंजूर केला.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिराची फी 400 झाली. काही पालक कुरकुरले. त्यांना मुलामागे 365 रुपयांचा तपशील दाखवला. "मग वरचे 35 कशाला?" एका आईनं विचारलं. उत्तर फळ्यावरच लिहिलेलं होतं: 120 मुलांचे मिळून 4,200 रुपये होतात, त्यातून दहा गरजू मुलांची फी माफ होते. ती बाई थोडा वेळ फळा वाचत राहिली आणि तिनं 400 रुपये भरले. त्या जीन्सच्या कारखानदाराकडे अण्णा पुन्हा गेले, या वेळी ऑडिट रिपोर्ट घेऊन. 80 जी ची नोंदणी अजून झाली नव्हती आणि ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. शेठनं रिपोर्ट चाळला आणि सवलतीशिवायच 10,000 चा चेक लिहिला.

खजिनदार अण्णाच राहिले. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नाही. पण या वेळी त्याचं कारण वेगळं होतं: दर महिन्याला फळ्यावर लिहिलेलं ज्याला हवं तो तपासून बघू शकत होता, आणि काही जण खरंच तपासत होते. एकदा बेरजेत 40 रुपयांची चूक निघाली. खो-खोच्या संघातल्या चौदा वर्षांच्या मुलीनं ती दाखवली. अण्णांनी तिच्यासमोर आकडा खोडला, बरोबर लिहिला आणि बाजूला सही केली.

तात्पर्य: हिशेब न मागता ठेवलेला विश्वास पहिल्या संकटात संशय होतो, आणि त्याची झळ सगळ्यात आधी प्रामाणिक माणसालाच लागते. संस्थेत चांगुलपणाही लिहून ठेवावा लागतो. न लिहिलेली मदत देणाऱ्याला वाचवत नाही आणि घेणाऱ्याला खरी परिस्थिती कळू देत नाही. म्हणून ज्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याच्याकडे हिशेब सगळ्यात आधी मागा.